सुकण्याचे शब्द

३ फेब्रुवारी

आज रुजू झाले. वही नवी आहे म्हणून अक्षर जपून काढतेय, चार दिवसांनी कोंबडीचे पाय होतीलच.

संचालकांनी चहा पाजला आणि मोकळेपणाने सांगून टाकलं, "बाई, खरं सांगू का, निधी देणाऱ्यांची अट होती. भाषा, समाज, इतिहास, असल्या विषयातलं एक माणूस प्रकल्पात हवंच. म्हणून तुम्ही."

"म्हणजे मी अट आहे," मी म्हटलं. ते हसले. मीही हसले. वीस वर्षं भाषा शिकवली, विभाग बंद पडला, आणि आता पन्नाशीला आल्यावर मी एका शेती संशोधन केंद्रात अट म्हणून रुजू झालेय.

काम असं आहे. इथल्या खोऱ्यातली टोमॅटोची रोपं तीन वर्षं ऐन फळावर येताना मरतायत. गेल्या वर्षी केंद्राने चारशे बारा शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या सगळ्या ध्वनिमुद्रित आहेत. त्या मी ऐकायच्या आणि झाडाबद्दल, मातीबद्दल, पाण्याबद्दल लोक जे शब्द वापरतात त्यांचा एक छोटा कोश करायचा. मुदत एक वर्ष. रोपं का मरतात ते शोधायला बाकीचे आहेत.

बसायला बियाण्याच्या कोठारातला कोपरा मिळाला. खिडकी आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, लिहायला लागलं की डुगडुगतं.

ह्यांना फोन केला. "पोचलीस ना? छान. निवांत राहा तिकडे. इथली काळजी करू नकोस." नेमणुकीचं पत्र आलं तेव्हाही माझ्याआधी तेच खूश झाले होते. सगळ्यांच्या वाट्याला असा नवरा येत नाही.

७ फेब्रुवारी

इथे माणसांना नावं नाहीत, विषय आहेत. मातीवाले सर, रोगवाल्या बाई, आकडेवाले, किडेवाले, हवामानवाले. जेवायलाही आपापल्या टेबलावर बसतात. मातीवाले रोगवाल्यांशी बोलतात ते फक्त मीठ मागण्यापुरतं. मी भाषावाल्या बाई. माझं टेबल नाही, म्हणून दाराजवळच्या टेबलाच्या टोकाला बसते. कुणी तुसडेपणाने वागत नाही. कुणी वागतच नाही म्हटलं तरी चालेल.

आज पहिल्यांदा माझ्याकडे कुणी काम घेऊन आलं. हेडक्लार्क एक फळा घेऊन आले होते. "बाई, 'पादत्राणे' मध्ये त्रा की त्र?" मी सांगितलं. ते फार समाधानाने गेले.

१६ फेब्रुवारी

साठ मुलाखती झाल्या. सकाळी नऊला कानावर हेडफोन चढवते ते पाचला काढते. बायका, म्हातारे, तरुण. मागे कोंबड्या, मोटारसायकली, रडणारी पोरं. एक आजोबा प्रत्येक उत्तराआधी "आता बघा" म्हणतात आणि मी इथे कोठारात मान डोलावते. दिवसभर माझ्याशी एवढेच लोक बोलतात, आणि तेही गेल्या वर्षी.

टेबल डुगडुगायचं थांबलंय. पायाखाली नीट तासलेला लाकडी तुकडा ठोकलाय कुणीतरी. एवढं मोठं केंद्र, कारभार शिस्तीचा असणारच.

२१ फेब्रुवारी

मातीवाल्या सरांनी आज मला बोलावून प्रकल्प समजावला. वयस्कर गृहस्थ, दोन वर्षांनी निवृत्त होतील. गुडघा दुखतो म्हणून खुर्चीतून उठताना टेबलाला धरतात. बोलणं मृदू आहे. खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी खारट होत चाललंय, ते मुळांशी साचतं, पानं कडेने करपतात आणि झाड जातं. तीन वर्षांत दोनशे विहिरींचं पाणी त्यांनी स्वतः तपासलं. उपाय सोपा आहे: पाणी भरपूर द्यायचं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. त्याचं पत्रक छापायला गेलंय, छापून आलं की गावोगाव वाटणार.

"आणि रोग नाही?" मी विचारलं.

"रोगवाल्या बाईंनी तपासलं. काही सापडलं नाही." मग जरा हसून म्हणाले, "तुमच्या कोशात आमचा 'खार' हा शब्द येईल ना?"

येईल म्हटलं.

१ मार्च

घरून दोन पेट्या आल्या. मी फक्त गरम कपडे मागितले होते, ह्यांनी सगळंच पाठवलंय. उन्हाळी साड्या, माझी प्रमाणपत्रं, शिवणाचा डबा, आईचा फोटोसुद्धा काचेला वर्तमानपत्र गुंडाळून. प्रत्येक पेटीत वर यादी. हे इमारतींचे नकाशे काढतात, त्यामुळे सगळं कसं मोजून मापून.

फोनवर म्हणाले, "बघून घे सगळं आलंय का. आता तुझं इथे काही राहिलेलं नाही."

किती पद्धतशीर माणूस.

५ मार्च

आकडेवाले रोज अकराच्या सुमारास स्वतः येऊन मला हव्या त्या गावांचे कागद देऊन जातात. शिपाई असताना. उंच, खांद्यात वाकलेले, माझ्याच वयाचे असतील. कागद टेबलावर ठेवतात, खिडकीकडे बघतात, "बरं" म्हणतात आणि जातात. माझ्यावर विश्वास नसावा, कागद हरवीन अशी भीती असावी.

आज त्यांनी मोठा तक्ता दिला. प्रत्येक शेतकऱ्याचं प्रत्येक उत्तर नंबर देऊन भरलंय. "रोप कसं मेलं?" ह्या प्रश्नाला दोनशे सत्त्याऐंशी लोकांपुढे एकच नंबर आहे, तीन. खाली खुलासा: तीन म्हणजे 'सुकणे'.

१२ मार्च

काहीतरी चुकतंय असं वाटतंय. तीन नंबरची दोनशे सत्त्याऐंशी माणसं मी पुन्हा ऐकली. 'सुकलं' असं म्हणणारी त्यात अगदी थोडी आहेत. 'सुकणे' हा प्रश्न विचारणाऱ्याचा शब्द आहे.

लोक म्हणतात 'करपलं'. लोक म्हणतात 'मान टाकली'. एक बाई म्हणते, "पानाच्या कडा अशा विडी पेटवल्यासारख्या." आणि दुसरी म्हणते, "हिरवंच्या हिरवं मेलं हो, पिवळं पडायलाही थांबलं नाही. दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी उभं राहायचं, आणि एक दिवस उभंच राहिलं नाही." तिला मध्येच तोडून विचारणारा म्हणतो, "म्हणजे सुकलं ना?" ती म्हणते, "तुम्ही म्हणता तर सुकलं."

मोजले. करपलं म्हणणारे एकशे एकाहत्तर, बहुतेक सगळे खालच्या गावांतले, सडकेलगतचे. मान टाकली म्हणणारे अठ्ठ्याऐंशी, सगळे वरच्या वाड्यांतले. उरलेले अठ्ठावीस काहीही म्हणतात.

आता मला झाडातलं काय कळतं? बोली वेगळी असेल. वर एक शब्द, खाली दुसरा, असं आम्ही वर्गात नकाशावर रोज दाखवायचो. उगीच उठून सांगायला गेले आणि हसू झालं तर? आधीच मी 'त्रा की त्र'ची बाई.

आणखी नीट बघते. मग सांगते.

१७ मार्च

पत्रकांचे गठ्ठे आले आणि जीपमधून गेलेही. खालची गावं, वरच्या वाड्या, सगळीकडे. निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत: 'रोपे सुकत असल्यास भरपूर पाणी द्या.'

मी खिडकीतून गठ्ठे चढवताना बघत होते.

२१ मार्च

आज सांगितलं. नऊ दिवस लागले मला.

मातीवाल्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, शब्दांवरून निदान होत नसतं. माणसं काय वाटेल ते म्हणतात. माझ्या आईच्या सगळ्या दुखण्यांना एकच शब्द होता, 'कसंसंच होतंय'." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, मलाही हसू आलं. पण बाहेर पडताना रोगवाल्या बाई माझ्या बरोबरीने चालत आल्या. तरुण आहेत, घाईत असतात, बोलताना सतत घड्याळ बघतात.

"पुन्हा सांगा. संध्याकाळी उभं राहतं?"

"हो."

"पिवळं न पडता?"

"हिरवंच्या हिरवं म्हणतात."

त्यांनी घड्याळ बघितलं नाही. "मला तसलं एक झाड आणून द्या. वाळलेलं नको. आज मान टाकलेलं."

२४ मार्च

जीपवाल्या काकांबरोबर वरच्या वाडीला गेले. सडक संपते तिथे जीप थांबते. मग दीड तास चढ. काका म्हणाले, "गेल्या वर्षी नमुने गोळा करणारे इथून पुढे आले नव्हते. त्यांच्याकडे खोकी होती ना जड."

काकांनी ज्यांच्याकडे नेलं त्या मावशींचं शेत म्हणजे डोंगरात कापलेल्या अकरा पायऱ्या. वर झरा आहे. पाणी पहिल्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं उतरतं. मावशी साठीच्या, हातात विळा, डोक्याला फडकं. आवाज ऐकल्याबरोबर ओळखला. पिवळं पडायलाही थांबलं नाही म्हणणाऱ्या ह्याच. मी इतकी हरखले की त्यांचे हातच धरले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

झोपडीच्या खांबाला निळं पत्रक चिकटवलेलं होतं.

"तुमचा कागद आला तेव्हा वरून दुसऱ्याच पायरीवर मान टाकली होती," मावशी म्हणाल्या. "शिकलेल्या माणसांनी लिहिलंय म्हटल्यावर पाणी वाढवलं. आज सात दिवस झाले. आता बघा."

सातव्या पायरीपर्यंत झाडं माना टाकून उभी होती. हिरवीगार. जणू ऊन उतरलं की उठतील.

"ही उठतात का संध्याकाळी?"

"ही सातवीवरची उठतात अजून. तेच तर फसवतं बाई. संध्याकाळी बघावं तर टवटवीत. वाटतं, निभावलं. असं आठ दिवस स्वतःची समजूत घालायची आणि मग मुळासकट उपटायचं."

मी झाड मागितलं. त्यांनी मातीसकट काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलं. निघताना विचारलं, "एकट्याच राहता केंद्रावर?"

"हो. हे तिकडे घरी असतात. त्यांची कामं."

"येतात का भेटायला?"

"अजून जमलं नाही. फोन असतो रोज संध्याकाळी." मग खरं तेच सांगितलं, "म्हणजे मीच करते."

मावशींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग चार टोमॅटो माझ्या पिशवीत टाकले. शेवटच्या पायऱ्यांवरचे, चांगले.

सात दिवस पाणी. आणि मी नऊ दिवस गप्प. बारा तारखेला तोंड उघडलं असतं तर सतराला तो कागद इथे आलाच नसता. हे मी मावशींना सांगितलं नाही.

२५ मार्च

रोगवाल्या बाईंनी एका काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेतलं. झाडाचा दांडा बुंध्याजवळ तिरका कापला आणि तो तुकडा पाण्यात अलगद लटकवून धरला. "हलू नका," म्हणाल्या. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो.

मिनिटभर काहीच नाही. मग कापलेल्या तोंडातून दुधासारखा एक बारीक धागा निघाला आणि सरळ खाली उतरत गेला. मग दुसरा. विसावं मिनिट होईपर्यंत पेला धुरकट झाला.

"हे जिवाणू," त्या हळूच म्हणाल्या. "लाखो. झाडाच्या पाणी चढायच्या नळ्या ह्यांनी बुजवून टाकल्यात. मुळाशी पाणी असून झाड तहानेनं मरतं. आणि हे पाण्याबरोबर एका शेतातून दुसऱ्यात जातात."

"मग गेल्या वर्षी का नाही सापडले?"

"मला जी आणून दिली ती झाडं तपासली मी. सगळी सडकेलगतची, सगळी करपलेली, वाळून कोळ झालेली. त्यांना खरंच रोग नव्हता." त्या स्टुलावर बसल्या. "मी विचारायला हवं होतं, वरची कुठायत म्हणून."

२६ मार्च

आकडेवाले अकराला आले, पण कागदाशिवाय. खिडकीकडे बघत उभे राहिले.

"तीन नंबर मी केला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सुरुवातीला त्या प्रश्नाला चौदा प्रकारची उत्तरं होती. करपणं, मान टाकणं, जळणं, मलूल होणं. चौदा खाती घेऊन हिशेब लागत नाही, आकडे विरळ होतात. मी सगळ्यांना सुकण्यात घातलं. एका दुपारचं काम होतं."

मी म्हटलं, "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं."

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं. तुम्ही ऐकलंत." मग त्यांनी खिशातून एक घडी काढून माझ्यापुढे पसरली. खोऱ्याचा नकाशा. हाताने रंगवलेला. करपलंचे ठिपके लाल, मान टाकलीचे हिरवे. मधोमध एक रेघ ओढावी इतके वेगळे. वर झरे, खाली विहिरी.

"उद्या बैठकीत हे तुम्ही दाखवा," म्हणाले आणि गेले. घडीवर त्यांच्या हाताची ऊब होती. मला वाटतं सभेत बोलायची त्यांना भीड वाटत असावी, म्हणून माझ्यावर ढकललं.

२७ मार्च

बैठक. मी नकाशा दाखवला. रोगवाल्या बाईंनी पेला आणि दांडा सोबत आणला होता, त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवलं.

मातीवाले सर बराच वेळ त्या पेल्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"वरची माणसं पाणी कुठलं देतात?"

"झऱ्याचं," मी म्हटलं.

"झरे मी तपासले नाहीत. विहिरी तपासल्या." ते टेबलाला धरून उठले. "खाली मीठ आहे. ते मी शपथेवर सांगतो. पण वर पत्रक माझंच गेलंय. उद्या जीप किती वाजता निघेल?"

२८ मार्च

त्या गुडघ्याने मातीवाले सर दीड तासाचा चढ अडीच तासांत चढले. बरोबर मी, रोगवाल्या बाई, आकडेवाले आणि काका. कुणी 'आधार देऊ का' विचारायला धजलं नाही.

वर पोचल्यावर आधी झऱ्यापाशी गेले. पाण्यात यंत्राची कांडी बुडवली, आकडा बघितला, मग ओंजळीने पाणी प्यायले. "गोडं," म्हणाले. बस एवढंच.

मग मावशींसमोर जाऊन उभे राहिले. "तो कागद मी लिहिला. तुमच्या शेतासाठी तो चुकीचा होता. चूक माझी आहे."

मावशींनी विळा खाली ठेवला. "चूक तुमची," त्या म्हणाल्या, "आणि रोपं माझी."

खरं तर त्या क्षणी मी एक पाऊल पुढे टाकून म्हणायला हवं होतं, की मावशी, चूक थोडी माझीही आहे. पाय हलला नाही.

मग मावशींनीच म्हटलं, "बसा. पाणी प्या. आता पुढे काय करायचं ते सांगा."

आठव्या पायरीच्या वरच्या बांधाशी चर खणून पाणी बाहेरच्या बाहेर काढून दिलं. वरच्या सात पायऱ्यांवरची झाडं उपटून, मुळाच्या मातीसकट, एका खड्ड्यात जाळली. शेवटच्या चार पायऱ्यांना झऱ्यापासून वेगळा पाट. मातीवाल्या सरांनी उताराचं गणित केलं, आकडेवाल्यांनी दोरी धरली, रोगवाल्या बाईंनी प्रत्येक पायरी बदलताना सगळ्यांचे बूट आणि फावडी औषधाच्या पाण्यात बुडवून घेतली. मी टोपल्या वाहिल्या. खूप दिवसांनी माझे हात दुखतायत.

परतताना जीपमध्ये सगळे एकदम बोलत होते. माती रोगाशी, आकडे मातीशी. मी मागच्या बाकावर. ऐकत होते. घरी फोन करून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वा. तुला तिकडे आता छान रुळल्यासारखं वाटत असेल." मग म्हणाले, "मला जरा बाहेर जायचंय."

१५ एप्रिल

नवीन पत्रकावर रोज भांडणं चालू आहेत. मातीवाल्या सरांना 'क्षारता' हा शब्द हवाय. मी म्हणते 'करपणं' लिहा. रोगवाल्या बाईंना रोगाचं शास्त्रीय नाव हवंय. मी म्हणते 'मान टाकणं' लिहा, नाहीतर वाचणारा आधी नाव वाचायला अडेल. शेवटी ठरलं: दोन चित्रं, दोन शब्द, दोन उपाय. कडा करपल्या तर पाणी वाढवा. मान टाकली तर पाणी पुढे जाऊ देऊ नका, झाड मुळासकट जाळा, त्या जागी तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. मका चालेल.

आज मातीवाले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या आईला 'कसंसंच' म्हणजे नक्की कसं, हे कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." ह्या वेळी कुणी हसलं नाही.

२७ एप्रिल

नणंदेचा फोन आला होता. ती सहसा करत नाही.

"वहिनी, तू बरी आहेस ना?"

"मजेत. तू?"

"दादाशी बोलणं होतं का तुझं?"

"रोज."

"काय म्हणतो?"

"काय म्हणणार, काळजी करू नकोस म्हणतो."

ती रडायला लागली. काही केल्या कारण सांगेना. "तू माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच," म्हणाली. तिच्या घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय. ह्यांना सांगायला हवं, जरा बहिणीकडे जाऊन या म्हणून.

९ मे

मी फोनवर म्हटलं, "पंधरा दिवस रजा मिळतेय, घरी येते."

"नको," हे म्हणाले.

"का?"

मग म्हणाले, "मी तुला फेब्रुवारीपासून सांगतोय."

"काय सांगताय?"

"तुला ऐकूच येत नाही."

मग त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. ती त्यांच्या कचेरीतली आहे. एप्रिलपासून घरात राहते. नणंदेला माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे. ओरडून, चिडून काही बोलले नाहीत. नेहमीच्याच आवाजात सांगितलं.

मी म्हटलं, "बरं." आकडेवाले म्हणतात तसं.

१० मे

काही नाही.

१४ मे

मागची पानं वाचली. सगळं इथे आहे, माझ्याच अक्षरात, अवतरणचिन्हांसकट. निवांत राहा तिकडे. तुझं इथे काही राहिलेलं नाही. छान रुळल्यासारखं वाटत असेल. लोक काय बोलतात ते मी जसंच्या तसं टिपते, वीस वर्षांची सवय आहे. आणि एवढ्या वाक्यांना मी एकच नंबर देऊन टाकला होता.

बावीस वर्षं. दुपारी काही वाटलं तरी संध्याकाळी फोनवर आवाज ऐकला की निभावलं असं वाटायचं.

कोठारात कुणी विचारलं नाही डोळे का सुजलेत. विचारलं असतं तर रडले असते. आकडेवाल्यांनी कागद ठेवले आणि खिडकी उघडून गेले.

२ जून

एकटीच वरच्या वाडीला गेले. शेवटच्या चार पायऱ्या उभ्या आहेत आणि लाल झाल्यात. वर सात पायऱ्यांवर मका गुडघ्याएवढा. मावशी तोडणी करत होत्या. मीही एक टोपली घेतली.

दोन ओळी झाल्यावर सांगितलं. बारा तारखेला माझ्या लक्षात आलं होतं, आणि हसतील म्हणून मी नऊ दिवस गप्प बसले, त्यातच तो कागद आला.

मावशी तोडत राहिल्या. टोपली भरली तेव्हा म्हणाल्या, "मग आता का सांगताय? उगवून येणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून."

त्यांनी फडक्याने तोंड पुसलं. "मला राग आला बाई. खोटं नाही सांगत. सात पायऱ्या." मग बऱ्याच वेळाने, दुसरी टोपली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ह्या ओळीतले कच्चे तोडू नका. देठाशी पिवळे आहेत ते राहू द्या अजून."

संध्याकाळपर्यंत तोडणी केली. आम्ही फार काही बोललो नाही. उतरताना त्यांनी 'पुन्हा या' म्हटलं नाही, पण टोपली कुठे ठेवतात ते दाखवून ठेवलं.

१४ जून

माझी मुदत वर्षाने वाढली. संचालक म्हणाले, "आता अट म्हणून नाही, बरं का." कोशाचं काम शेजारच्या खोऱ्यातही करायचंय. तिथे मिरचीला काहीतरी होतंय, आणि लोक त्याला काय म्हणतात ते आधी ऐकायचं ठरलंय.

अर्ज भरायला कार्यालयात गेले. हेडक्लार्कनी तो वरून खाली वाचला आणि बोट ठेवलं. "बाई, हा रकाना राहिला. कायमचा पत्ता."

"क्वार्टरचा लिहू?"

"छे, तो सध्याचा. कायमचा म्हणजे घरचा."

मी पेन टेकवलं. हाताला सवयीने जुन्या गल्लीचं नाव यायला लागलं, पहिलं अक्षर उमटलंही. मग तिथेच थांबले. किती वेळ ते माहीत नाही. मागे रांग नव्हती, फक्त आकडेवाले होते, हातात कसलातरी कागद घेऊन.

"कोरा सोडा," ते म्हणाले.

"चालतं?"

"अकरा वर्षं मी कोराच सोडतोय. अजून कुणी विचारलेलं नाही."

हेडक्लार्कनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "तुमचा कोरा असतो हे मला माहीत आहे, साहेब. मी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी." त्यांनी माझ्या हातून अर्ज घेतला, ते एक अक्षर पांढऱ्या शाईने झाकलं, फुंकर मारून वाळवलं आणि खाली शिक्का मारला.

व्हरांड्यात आल्यावर मी आकडेवाल्यांना विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

ते नेहमीसारखे "बरं" म्हणून जातील असं वाटलं. त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"लांबलचक आहे. तुम्हाला वेळ आहे?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर."

आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.